जुन्या पेटीतलं गलबत: लाकडी शिडाच्या जहाजाचं पहिलं मॉडेल बांधताना

टोरांटोच्या बाहेर एका छोट्या गावात एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं. गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे एक लांबट खोकं दिसलं. वर दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचं चित्र होतं, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘ब्लूनोज’. चाळीस डॉलर देऊन मी ते घरी आणलं. लाकूड ठणठणीत होतं, पितळी सामान होतं, दोऱ्याची रिळंसुद्धा होती. पण नकाशाच्या तीन मोठ्या कागदांपैकी दोनच होते. नसलेला कागद दोरखंडांचा होता. तो मिळवायला मला पाच महिने लागले.

तुम्ही जुनं किट घेऊन लाकडी जहाज बांधायचं मनात आणलं असेल, तर एवढं आधी लक्षात घ्या: लाकूड खराब निघालं तर दुसरं मिळतं, दोरा मिळतो, कप्प्या मिळतात. नकाशा नसला की हात बांधले जातात. पुढचं जे काही लिहिलंय ते याच अनुभवातून.

1. जहाज निवडा, पण मोठ्याच्या नादी लागू नका

बाजारात डेन्मार्कच्या बिलिंग बोट्सची, इटलीच्या मंतुआ आणि एरोपिक्कोलाची, स्पेनच्या आर्तेसानिया लातिनाची, अमेरिकेच्या मॉडेल शिपवेजची जुनी किटं अजून फिरत असतात. नवशिक्याची नजर सगळ्यात आधी जाते ती ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेवर. शंभरावर तोफा, तीन डोलकाठ्या. अशी अर्धवट सोडलेली ‘व्हिक्टरी’ जुन्या बाजारात वरचेवर दिसते, कारण घेणारा फळ्या लावता लावताच थकतो.

मला स्वतःला ‘त्रिंकोमाली’ बांधायचं होतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेलं हे जहाज 1817 साली पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. मुंबईच्या माणसाला त्याचं आकर्षण वाटणारच. पण तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर आडव्या काठ्या आणि त्यांचे शेकडो दोर, हे पहिल्या कामाला झेपणारं नाही. ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला ठेवा.

पहिल्यासाठी स्कूनर घ्या. दोन डोलकाठ्या, शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेने, तोफा नाहीत, कोरीवकाम जवळपास नाही. ‘ब्लूनोज’ ही अशीच स्कूनर. विल्यम रू यांनी आराखडा केला, 1921 साली कॅनडात नोव्हा स्कॉशियाच्या लुनेनबर्गला ती बांधली गेली, आणि कॅप्टन अँगस वॉल्टर्सच्या हाताखाली तिने कॉड मासळीही धरली आणि शर्यतीही जिंकल्या. 1937 पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर ती आहे. 1946 साली हैतीजवळ खडकावर आदळून बुडाली.

इथे एक खाचखळगा आहे. 1963 साली त्याच गोदीत तिची प्रतिकृती बांधली, ‘ब्लूनोज 2’. बरीच जुनी किटं या दुसरीची असतात. बाहेरून दोघी सारख्या, पण दुसरीला सुरुवातीपासूनच इंजिन आहे आणि तिच्या डेकवरच्या केबिनी वेगळ्या आहेत. पहिलीच्या डेकवर मासेमारीच्या सपाट बुडाच्या होड्या, ज्यांना डोरी म्हणतात, एकात एक रचून ठेवलेल्या असत. तुम्हाला कोणती बांधायची आहे ते आधी ठरवा. अर्धी एकीची, अर्धी दुसरीची अशी बांधलेली मॉडेलं मी पाहिली आहेत, आणि जाणकाराच्या डोळ्याला ते लगेच खटकतं.

2. पैसे देण्याआधी पेटी तपासा

विकणारा ‘कम्प्लीट’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याने पेटी मोजलेली नसते. तो खोटं बोलत नसतो, त्याला माहीतच नसतं. ऑनलाइन घेत असाल तर फोटो मागा, आणि ‘सगळ्या वस्तू पसरून’ मागा. पेटीत हे कागद आहेत का ते बघा:

- नकाशाचे सगळे कागद. किती होते हे बहुधा प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, ‘1/3’, ‘2/3’ असं.
- सुट्या भागांची यादी, प्रत्येकाचा क्रमांक, माप आणि नग.
- सूचनापुस्तिका. ती इटालियन किंवा स्पॅनिशमध्ये असली तरी चिंता नको, फोनने भाषांतर होतं. पुस्तिका नसली तरी एक वेळ चालेल, यादी आणि नकाशा नसला तर चालणार नाही.

अर्धवट बांधलेलं किट स्वस्तात मिळतं. कणा, म्हणजे जहाजाच्या मधोमध लांबीभर जाणारी उभी फळी, वाकडा चिकटवलेला असेल तर ते फुकटही घेऊ नका. एका डोळ्याने कण्याच्या टोकाकडून बघा, जसं सुतार फळी बघतो, लगेच कळतं.

भारतात मागवत असाल तर पार्सलचा खर्च आणि कस्टम ड्युटी धरूनच किंमत ठरवा, आणि लाकडाच्या पट्ट्या कडक पुठ्ठ्याच्या नळीत घालून पाठवायला सांगा. लांब पट्ट्या वाटेत मोडतात.

3. सगळ्यात आधी नकाशा वाचवा

पेटी घरी आली की चाकू हातात घेऊ नका. नकाशा उघडा. पन्नास वर्षं घडीत राहिलेला कागद घडीवरच फाटतो, म्हणून हळू. दोन जाड पुस्तकांखाली एक-दोन दिवस ठेवा आणि मग मोठ्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्या. मूळ कागद गुंडाळून बाजूला ठेवायचा आणि कामाला प्रत वापरायची. तिच्यावर गोंद सांडेल, तुम्ही तिच्यावर खुणा कराल, तिचे तुकडे कापाल.

प्रत काढल्यावर पट्टी लावून मोजायचं विसरू नका. ‘ब्लूनोज’ची पूर्ण लांबी 143 फूट, म्हणजे 43.6 मीटर. 1:64 प्रमाणात ती साधारण 68 सेंटीमीटर भरते. झेरॉक्सवाल्याने ‘फिट टू पेज’ दाबलं आणि प्रत 2 टक्क्यांनी आखूड आली, तर लांबीत जवळजवळ 14 मिलिमीटरचा फरक पडतो. मग कापलेला एकही भाग दुसऱ्याला बसत नाही आणि चूक कुठे झाली ते कळत नाही.

अमेरिकन किटांची मापं इंचात असतात. माझ्या किटमधल्या फळ्या 3/16 इंच रुंद, म्हणजे 4.76 मिलिमीटर. दोन-चार मोडल्या म्हणून मी 5 मिलिमीटरच्या विकत आणल्या. फरक फक्त पाव मिलिमीटरचा, पण वीस फळ्या एकाशेजारी एक आल्या की तो 4.8 मिलिमीटर होतो, म्हणजे चक्क एक फळी जास्त. बदली लाकूड आणाल तर एका बाजूला जितक्या नव्या फळ्या, तितक्याच दुसऱ्या बाजूला लावा, नाहीतर दोन्ही कुशी वेगळ्या दिसतात.

4. जुनं सामान: काय ठेवायचं, काय टाकायचं

लाकूड. पेटी उघडी करून आठवडाभर खोलीत राहू द्या, म्हणजे खोलीतल्या हवेशी लाकूड जुळवून घेतं. मग प्रत्येक जाडीची एक पट्टी बोटाभोवती हलकेच वाकवून बघा. कट्कन मोडली तर ती जात वाळून ठिसूळ झाली आहे, बदला. कण्याची प्लायवूडची फळी हमखास वाकलेली असते. तिला दोन्ही बाजूंनी ओलं करून काचेवर वजनाखाली दोन दिवस ठेवा. तरी सरळ झाली नाही तर हट्ट करू नका, तिची बाह्यरेषा नव्या प्लायवर उतरवा आणि नवीन कापा. मीही शेवटी तेच केलं.

जुन्या किटमध्ये भाग आजच्यासारखे लेझरने कापलेले नसतात, साच्याने दाबून अर्धवट कापलेले असतात. बोटाने ढकलून काढायला गेलात तर कडेचा पापुद्रा निघतो. आधी मागच्या बाजूने धारदार पात्याने रेघ ओढा, मग काढा.

शिसं. हे जरा नीट वाचा. नांगर, दोर गुंडाळायच्या खुंट्या, चाकं हे ओतीव भाग जुन्या किटमध्ये बऱ्याचदा शिसं मिसळलेल्या धातूचे असतात. त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती धूळ समजून फुंकू नका. लाकडातून आणि गोंदातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं खात जातं आणि त्याचा पांढरा क्षार होतो. तो विषारी आहे. हातमोजे घाला, भाग पिशवीत बंद करा, कानस किंवा पॉलिश पेपर त्याला लावू नका, आणि घरात लहान मूल असेल तर त्या दिवशी टेबल ओल्या फडक्याने पुसून काढा. असे भाग मी सगळे टाकून पितळी आणि रेझिनचे आणले.

दोरा. जुना सुती दोरा टाकाच. ओढून बघा, तुटतो. न तुटला तरी त्याला बारीक लव असते, आणि 1:64 मध्ये ती लव दोराला केसाळ करते. पॉलिएस्टर किंवा लिननचा घ्या आणि मधमाश्यांच्या मेणावरून दोनदा ओढून घ्या.

5. हत्यारं

मोठा सेट घेऊ नका. मी घेतला होता, त्यातल्या निम्म्या वस्तूंचं वेष्टनही फाडलं नाही. एवढं पुरतं:

- टोकदार पात्याचा हॉबी चाकू आणि पुष्कळ पाती. बोथट पातं लाकूड कापत नाही, फाडतं.
- नक्षीकामाची बारीक करवत.
- हातात फिरवायचं बारीक ड्रिल, 0.5 ते 1.5 मिलिमीटरचे बिट.
- तळहाताएवढा रंधा.
- पॉलिश पेपर 120, 220 आणि 400, सपाट लाकडी ठोकळ्याला चिकटवून.
- स्टीलची पट्टी आणि छोटा गुण्या.
- दोन चिमटे, एक सरळ, एक वाकडा.
- कपडे वाळत घालायचे चिमटे आणि ऑफिसातल्या काळ्या क्लिपा, डझनभर.
- पांढरा लाकूड-गोंद. भारतात फेविकॉल उत्तम. झटपट चिकटणारा पातळ गोंद फक्त दोराच्या गाठीला थेंबभर; लाकडावर तो पांढरट डाग सोडतो आणि पुढे पॉलिश धरत नाही.

6. सांगाडा: इथे घाई केली तर पुढे सगळं वाकडं

बहुतेक किटांत मधोमध उभा कणा आणि त्याला काटकोनात बसणारे प्लायवूडचे पडदे असतात, ज्यांना बल्कहेड म्हणतात. फळ्या या पडद्यांवर चढतात. काही जुन्या अमेरिकन किटांत एकसंध लाकडाचा ठोकळा असतो, तो नकाशातल्या आडव्या छेदांचे पुठ्ठ्याचे साचे लावून तासायचा. ते काम निराळं, पण चांगलं आहे.

सगळे पडदे आधी गोंद न लावता खाचेत बसवा. खाच घट्ट असेल तर हातोडी नको, दोनदा पॉलिश पेपर फिरवा. मग एकेक चिकटवा, प्रत्येकाला गुण्या लावून. कणा दोन सरळ लाकडी पट्ट्यांमध्ये धरून ठेवा, वाळेपर्यंत हलवू नका.

माझा कणा मधल्या भागात दोन मिलिमीटर पिळला होता. फळ्या लावताना जाणवलं नाही. डोलकाठ्या उभ्या केल्या आणि नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, समोर उभा राहून पाहिलं, तर पुढची डोलकाठी डावीकडे आणि मागची उजवीकडे झुकलेली. एव्हाना चार महिने झाले होते. डोलकाठ्यांची भोकं रुंद करून, पाचरी मारून त्या सरळ केल्या, पण डेकखाली काय आहे ते मला माहीत आहे.

डोलकाठीचं बूड कण्यात जिथे बसतं ती खाच आत्ताच करून ठेवा. दोन्ही डोलकाठ्या किंचित मागे कललेल्या असतात, तो कल नकाशावरून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उतरवून घ्या. डेक बसल्यावर आत हात जात नाही.

आता पडद्यांच्या कडा. जहाज नाळेकडे निमुळतं होतं, म्हणून पडद्याची कड सरळ राहून चालत नाही, फळी ज्या कोनात येते त्या कोनात ती घासावी लागते. एक लांब पट्टी तीन-चार पडद्यांवर आडवी धरा. ती प्रत्येक कडेला पूर्ण टेकली पाहिजे, कुठे नुसत्या कोपऱ्यावर नाही. पट्टी वर-खाली सरकवत, थोडं घासत, परत धरत हे करायचं. मला तीन रविवार लागले. नाळेपाशी, पहिल्या दोन पडद्यांच्या मध्ये मऊ लाकडाचे ठोकळे भरून तेही घासून घ्या, फळीला तिथे आधार लागतो.

7. फळ्या

सगळ्यांना याची भीती वाटते. गणित समजलं की भीती जाते.

मधल्या पडद्यावर डेकपासून कण्यापर्यंत कागदाची अरुंद पट्टी कडेला चिकटवून धरा आणि लांबी मोजा. समजा 100 मिलिमीटर आली आणि फळी 5 मिलिमीटरची आहे, तर 20 फळ्या. आता तसंच नाळेपाशी मोजा. तिथे समजा 60 मिलिमीटर. त्याच 20 फळ्या 60 मध्ये बसवायच्या, म्हणजे प्रत्येक फळी नाळेकडे 3 मिलिमीटर करायची. निम्म्या रुंदीपेक्षा कमी करू नका, टोक नाजूक आणि कमजोर होतं. तशी वेळ आली तर दोन फळ्यांच्या जागी एक संपवायची. पिछाडीकडे उलट होतं, तिथे जागा जास्त असते, आणि उरलेल्या फटीत पाचरीच्या आकाराची जादा फळी घालावी लागते. हे आकडे प्रत्येक पडद्यावर पेन्सिलीने मांडून ठेवा, मगच पहिली फळी कापा.

फळी वाकवायला वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवा, मग जहाजावर चिमट्यांनी बांधून वाळू द्या. *ओली फळी चिकटवू नका.* ओलं लाकूड फुगलेलं असतं. वाळलं की रुंदीत आकसतं आणि दोन दिवसांनी फटी दिसायला लागतात. रात्री बांधून ठेवा, सकाळी सोडा. ती वाकलेलीच राहिलेली असेल, तेव्हा गोंद लावा.

डावीकडे एक लावली की उजवीकडे एक. एका कुशीच्या चार एकदम लावल्यात तर त्यांचा ताण सांगाड्याला पिळतो.

पेटीत पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, असतील. त्या आत ठोकून ठेवू नका. 1:64 मध्ये एक मिलिमीटरचं डोकं म्हणजे खऱ्या जहाजावर सहा सेंटीमीटरहून रुंद डोक्याचा खिळा. टाचण्या लावा, गोंद वाळला की काढा.

‘ब्लूनोज’ पहिल्या कामाला बरी याचं आणखी एक कारण म्हणजे ती रंगवलेली असते, वर काळी, पाण्याखाली तांबूस लाल. फटीत लांबी (पुट्टी) भरा, घासा, परत भरा. रंगाखाली सगळं झाकतं.

8. डेक

डेकच्या अरुंद पट्ट्या चिकटवण्याआधी प्रत्येकीच्या एका लांब कडेवर मऊ पेन्सिल फिरवा. कोकणात होडीच्या फटीत कापसाची वात ठोकून बसवतात, तसंच या जहाजांच्या डेकच्या फटी भरून वर डांबर ओतलेलं असायचं. पेन्सिलीची ती बारीक काळी रेघ म्हणजे ते डांबर. मार्करने करू नका, त्याची शाई लाकडात पसरते. पट्ट्या बसल्यावर वरून पॉलिश पेपरने घासताना एक क्षण असा येतो की सगळी मळकट भुकटी निघून जाते आणि पांढऱ्या डेकवर केसाएवढ्या सरळ रेघा उमटतात. तो दिवस मला आठवतोय.

9. डोलकाठ्या आणि दोर

पेटीतल्या गोल काठ्या काचेवर गडगडत सोडा. थबकत, लंगडत गेली तर वाकडी आहे. वरच्या टोकाकडे निमुळती करताना आधी चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, असं रंध्याने करा.

दोरांचा क्रम चुकला तर हात पोचत नाही. आधी डोलकाठीला ताणून धरणारे स्थिर दोर, ते काळे किंवा गडद तपकिरी. मग शिडं आणि काठ्या हलवणारे दोर, ते फिक्या रंगाचे. आतून बाहेर, खालून वर.

डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना जे दोर डेकच्या कडेला येतात, त्यांना श्राउड म्हणतात. त्यांच्या खाली तीन भोकांच्या लाकडी चकत्या असतात, एक वर, एक खाली. सगळ्या जोड्यांमधलं अंतर सारखं हवं. तारेचा छोटा ‘यू’ करून दोन्ही चकत्यांच्या भोकांत अडकवा, दोर बांधा, मग तार काढा. श्राउडवरच्या शिडीच्या आडव्या दोऱ्या खऱ्या जहाजावर साधारण 15 इंचांवर असत, म्हणजे 1:64 ला 6 मिलिमीटर. कागदावर 6-6 मिलिमीटरच्या रेघा आखून तो श्राउडमागे लावा आणि रेघेवर गाठ मारत जा. गाठी मारताना दोर आत ओढला जातो आणि श्राउडची कमर बारीक होते. दर पाच ओळींनी मागे सरकून बघा. जुन्या किटमधल्या कप्प्या बहुतेक प्रमाणापेक्षा मोठ्या असतात, नकाशावर ठेवून बघा आणि लागलं तर 3 मिलिमीटरच्या आणा.

शिडं लावायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी लावली नाहीत. पेटीतलं कापड जाड होतं, आणि शिडांमागे सव्वा वर्षाचं दोरकाम झाकलं गेलं असतं.

10. पेटी बंद करण्याआधी

मॉडेलला काचेची किंवा अॅक्रिलिकची पेटी कराच, दोरांवर बसलेली धूळ निघत नाही. पण ती हवाबंद नको, तळाला मागच्या बाजूने दोन-चार भोकं ठेवा. तळफळीला ओक वापरू नका, त्यातून आम्लाची वाफ जास्त सुटते आणि आत शिशाचा एखादा भाग राहिला असेल तर वर्ष-दोन वर्षांत पांढरा पडतो.

मूळ नकाशा, भागांची यादी आणि उरलेल्या प्रत्येक लाकडाचा एक तुकडा प्लास्टिकच्या नळीत घालून तळफळीखाली अडकवून ठेवा. नकाशाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहा: कोणतं लाकूड बदललं, कोणता भाग नवा, रंग कोणता, तारीख काय. माझ्या किटमधल्या उरलेल्या दोन कागदांमागे आधीच्या मालकाने पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या होत्या, कोणत्या फळ्या त्याने वेगळ्या काढून ठेवल्या त्याच्या. त्या फळ्या पेटीच्या तळाशी, दोऱ्याने बांधलेल्या, तशाच सापडल्या. मी त्या नाळेला लावल्या.